मनिषासाठी पाहिलेलं गाव

तीर्थरूप आई-आप्पांना सोमेश्वरचा साष्टांग नमस्कार.

१६ जून २०२५, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. नळाला हंडा लावून लिहीत आहे.

विद्यापीठाच्या या लहान शहराला व्यापार, राहणीमान आणि झाडं-पाणी राखण्याबद्दल मोठं बक्षीस मिळालं. ते खरंच शोभतं. नळ दिवसभर चालतो, तरी मी हंडे भरून ठेवतो. घरमालकीण हसतात, "अहो, पाणी पळून चाललंय का?"

आईचा गुडघा कसा आहे?

इथे मुली सायकलवर कॉलेजला जातात. आपल्या मनिषाची बारावी झाली आहे. तिला यंदा ऊसतोडीला नेऊ नका. आप्पा म्हणतील, "इतक्या लांब कावून धाडायची पोरगी?" म्हणून तर मी आधी राहून पाहिलं.

वसतिगृहाचा फॉर्म सोबत आहे. शेवटची तारीख ३०. पेन्सिलीची फुली आहे तिथे आप्पांचा अंगठा हवा. शाई वाळल्यावरच घडी घाला.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
सोमेश्वर