जुनं पत्र आधी

१ मार्च, रविवार. सकाळी ७.
आजपासून कर्जमुक्ती. तारीख मुद्दाम पहिली निवडली.

परिस्थिती थोडक्यात लिहून ठेवतो, पुढेमागे वाचताना मजा येईल. गेल्या वर्षी पाच ठिकाणची किरकोळ उधारी फेडायला एकच मोठं लोन काढलं. फायनान्सवाल्यांना तारण हवं होतं. माझ्याकडे तारण ठेवण्यासारखा फक्त मीच. मग हिच्या धाकट्या भावाने आपली डिलिव्हरीची गाडी लिहून दिली. त्या गाडीवर त्याचं पोट आहे. सही करताना एकदाच म्हणाला, दाजी, बघा हं. मी म्हटलं, माझ्यावर सोड. पत्रव्यवहाराला पत्ता आमचा दिला, त्याला मनस्ताप नको.

चार हप्ते थकलेत. न उघडलेली नऊ पत्रं साठलीत. ही म्हणते सगळी एकदम फोडा. हिला घाई फार. मी एकोणीस वर्षं बेअरिंगच्या गोदामात स्टोअरकीपर आहे. जो माल आधी आला तो आधी काढायचा. वरचा उचलत राहिलं की खालचा गंजतो. म्हणून दर रविवारी एकच पत्र, सगळ्यात जुनं. ते पूर्ण समजलं की पुढचं. आणि सगळा हिशोब कळेपर्यंत हप्ता बंद. न समजता पैसे भरणं बेजबाबदारपणाचं आहे.

पहिलं पत्र नोव्हेंबरचं. ‘सन्माननीय ग्राहक’ अशी सुरुवात. माणसं सभ्य वाटली.

८ मार्च, रविवार.
दुसरं पत्र. ‘आपल्याकडून नजरचुकीने राहून गेलं असावं.’ वाचून बरं वाटलं. इतक्या समजूतदारपणे माझ्याशी घरातही कोणी बोलत नाही.

संकल्प: दिवसाला एकच चहा. दुपारी दुसरा घेतला, पण पहिला गार झाला होता, तो धरत नाही.

१० मार्च.
ही दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. तिथे जादा पाळ्या करून साठवलेले बारा हजार तिने माझ्या हातात ठेवले. म्हणाली हे हप्त्यात भरा, दुसरं काही नाही. म्हटलं अगदी.

१२ मार्च.
पत्रांसाठी स्टीलचा रॅक घेतला. सोळा कप्पे, प्रत्येकाला स्वतंत्र कुलूप. बारा हजार. रोखीत घेतला म्हणून दुकानदाराने लेबलं फुकट दिली.

ही बराच वेळ रॅककडे बघत उभी होती. मग भाजी चिरायला गेली. ओरडली असती तर समजावून सांगता आलं असतं. कन्या म्हणाली, बाबा, कप्प्यात तुम्हीच जाऊन बसा. पंधरा वर्षांची आहे, तिला सिस्टीम काय कळणार.

१५ मार्च, रविवार.
तिसरं पत्र. ‘स्मरणपत्र’. यात सन्माननीय नाही, नुसतं ग्राहक. टाइप करणारा नवीन असावा.

रोज सात-आठ फोन येतात. त्यांच्या पत्रव्यवहारात मी अजून डिसेंबरात आहे, तोवर बोलून उपयोग नाही. कन्येने तो नंबर ‘उचलू नये’ नावाने सेव्ह करून दिला. मग दुसऱ्या नंबरवरून येऊ लागले. ‘उचलू नये २’. आज ‘उचलू नये ६’ पर्यंत आलोय.

२४ मार्च.
रजिस्टरने पत्र आलं, बारावं. पोस्टमन म्हणाला अर्जंट लिहिलंय. सही करून घेतलं, शिक्का मारला, बारा नंबरच्या कप्प्यात. हिने किल्ली मागितली. हात पुढे करून उभी राहिली. मी समजावलं की एक पत्र मधूनच काढलं तर सगळी शिस्त गेली. याचा नंबर १७ मेला लागतो, कॅलेंडरवर खूणही केली. ती म्हणाली, तोवर काय राहणार आहे? मला या प्रश्नाचा अर्थ लागला नाही. पण झोप नीट लागली नाही.

५ एप्रिल, रविवार.
सहावं पत्र. भाषा जरा कोरडी. ‘जामीनदारास कळविण्यात येईल.’ हे जानेवारीतलं आहे. एव्हाना राग शांत झाला असेल.

मेहुणा नेहमीसारखा जेवायला आला. दर रविवारी येतो, एकटा आहे बिचारा. विचारलं त्याने, दाजी, हप्ते जातायत ना? म्हटलं, सगळं सिस्टीममध्ये आहे. ही ताटावरून उठून आत गेली. भावाला काही सांगू नको, अशी मी तिला शपथ घातलीय. मुलगा हळवा आहे, घाबरेल.

समोर लाँड्रीच्या पायरीवर एक टोपीवाला बसला होता. मेहुणा निघाला तेव्हा त्याच्या गाडीकडे बघत होता. चांगली गाडी आहे, कोणीही बघेल.

१२ एप्रिल, रविवार.
आनंदाची बातमी. टोपीवाल्याशी ओळख झाली. फार मृदू बोलतो. गाडी कोणाची, रोज कुठे असते, विचारलं. मी लगेच ओळखलं, पार्टी आहे, कायमचं काम देणार. सगळं व्यवस्थित सांगितलं. गाडी आठवडाभर गावभर फिरते, सापडणं कठीण. पण रविवारी एक ते तीन बिल्डिंगच्या मागच्या बोळात उभी असते. जेवल्यावर मेहुणा अर्धा तास पडतो. टोपीवाल्याने वहीत लिहून घेतलं आणि नंबर प्लेटचा फोटो काढला. माझे आभार मानले.

मेहुण्याचे उपकार आता फिटणार. त्याला आत्ताच सांगत नाही, सरप्राइज.

१९ एप्रिल, रविवार.
मेहुणा आला नाही, लांबची डिलिव्हरी. टोपीवाला तासभर ताटकळला, सोबत आणखी दोघं. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं. खाली जाऊन माफी मागितली, पाणी दिलं, पुढच्या रविवारी नक्की म्हणून शब्द दिला. मग मेहुण्याला फोन करून बजावलं, काही झालं तरी पुढच्या रविवारी ये.

तिघांतला एक हसला. का ते कळलं नाही.

२६ एप्रिल, रविवार. रात्री.
नववं पत्र वाचलेलं नाही.

मेहुणा जेवून पडला होता. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, तसा बनियनवरच उठून खिडकीशी गेला. त्यांनी दुसरी किल्ली आणली होती. टोपीवाल्याने वर बघून मला हात केला, ओळखीच्या माणसाला करतात तसा. तो हात मेहुण्याने पाहिला.

मग त्याने विचारलं, दाजी, यांना तुम्ही ओळखता?

तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला की आत उद्याचा माल होता, लोकांना सांगावं लागेल. बोटावर मोजत होता कोणाकोणाला. मला जमिनीत गेलो तर बरं असं झालं.

२८ एप्रिल.
ही कन्येला घेऊन भावाकडे गेली. जाताना कप्प्याची किल्ली मागितली नाही.

३ मे, रविवार.
दोन रविवारची दोन पत्रं वाचून मागचं काम भरून काढलं. सिस्टीम टिकली पाहिजे, नाहीतर झालं ते फुकट जाईल. एक चहा. दुसरा करून द्यायला कोणी नाही.

१७ मे, रविवार.
बारावं पत्र. ठरल्या दिवशीच फोडलं.

‘अखेरची संधी. ३१ मार्चपर्यंत ११,८०० भरल्यास वाहन ताब्यात घेतलं जाणार नाही व उरलेल्या रकमेचे लहान हप्ते करून देण्यात येतील.’

दोनदा वाचलं. रॅक बारा हजारांचा.

दोनशे उरले असते.

मेहुण्याला फोन लावला. कुरिअरच्या ऑफिसात दुसऱ्याच्या गाडीवर हमाली करतो, असं ऐकलंय. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, नुसतं चुकलो म्हणणार होतो. पूर्ण वाजून बंद झाला. पाच वेळा लावला. मग हिचा नंबर लावला, तोही वाजत राहिला.

दुसऱ्या कोणाच्या फोनवरून लावून बघावा असं मनात आलं.