पहिल्या पानावरची हळद

बाई, काल माझ्या नातीनं तुम्हाला वेडी म्हटलं. तुम्ही जाऊन कित्येक वर्षं झाली, त्यामुळे तोंडावर नाही म्हटलं, पण म्हटलं ते तुम्हालाच. माळ्यावरची पेटी ऊन द्यायला खाली काढली होती, तर त्यात तुमचं ते पातळसं पुस्तक निघालं, बकरीच्या चित्राचं. पोरीनं पहिलं पान उघडलं आणि नाक मुरडलं. "आजी, ये किसने हल्दी पोती इस पे? कोई पागल होगा." मी म्हटलं, जीभ आवर, ज्यांनी ती लावली त्यांनीच हे पुस्तक लिहिलंय. ती माझ्याकडे बघतच राहिली. पुस्तक कुणी माणूस लिहितो, आणि त्या माणसाला आपली आजी ओळखत होती, हे तिच्या पचनी पडेना. तिला हसले खरी, पण तिच्या पणजीचंही, म्हणजे माझ्या आईचंही, याच पुस्तकापायी असंच झालं होतं. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय, म्हणून बसले लिहायला.

तुम्ही आम्हाला शिकवत होतात ती वर्षं म्हणजे इंग्रज नुकताच गेलेला आणि संस्थानं एकामागून एक देशात सामील होत होती. वर्गातल्या नकाशावर तुम्ही त्यांच्या हद्दी पेन्सिलीनं काढून ठेवल्या होत्या. वर्तमानपत्रात एखाद्या संस्थानाचं नाव आलं की कुणातरी पोरीला पुढे बोलावून तिच्या हातात रबर द्यायचात. "खोड ती रेघ. नीट खोड, मागमूस राहायला नको." आम्हाला खरंच वाटायचं की बुऱ्हाणपुरातल्या शनवारा पेठेच्या पोरी इथे रेघ खोडतात म्हणून तिकडे राजे गादी सोडतात. काय तो आमचा रुबाब! माझ्या वाट्याला एक चिमुकलं संस्थान आलं होतं, घरी येऊन मी वडिलांना सांगितलं की आज एक राज्य बुडवून आले. केळीच्या बागेतून थकून आलेला माणूस, म्हणाला, बरं झालं, आता पाय धू.

तुम्ही ख्रिस्ती, एकट्या, शनवाऱ्याच्या दरवाजापलीकडे दोन खोल्यांत राहायचात, आणि पोरांसाठी पुस्तकं लिहायचात. ती कशी लिहायचात हे आठवलं की अजूनही मला नवल वाटतं. रविवारी उपासनेहून आलात की व्हरांड्यात आम्हाला बसवून पुढ्यात भुईमुगाच्या शेंगांचं सूप ठेवायचात. आम्ही शेंगा फोडायच्या आणि तुम्ही नवी गोष्ट सांगायची. तुमची नजर मात्र सारखी आमच्या हातांवर. हात थांबले की तुम्ही खूश. आणि हात पुन्हा चालू झाले, टरफलं कडकड वाजायला लागली, की तुम्ही पुटपुटायचात, "हे गेलं," आणि तेवढा भाग गोष्टीतून कायमचा जायचा. मी एकदा धीर करून विचारलं, बाई, तुम्ही आमच्या तोंडाकडे का बघत नाही? तुम्ही म्हणालात, "तोंडं लबाड असतात गं. बाईंना बरं वाटावं म्हणून तुम्ही हसता. हातांना ते जमत नाही." इतकी शिकलेली बाई, छापखान्यातून जिच्या नावाची पार्सलं येतात, ती आमच्या मळक्या बोटांपुढे परीक्षेला बसल्यासारखी बसायची. तेव्हा मला ते कळलं नाही. आता कळतं आणि अंगावर काटा येतो.

मग ते पुस्तक तुम्ही मला दिलंत, वर्गात पहिल्यांदाच, अडखळत का होईना, मोठ्यानं वाचून दाखवल्याबद्दल. मी ते छातीशी धरून घरी पळाले. आईनं हात पदराला पुसून दोन्ही हातांनी घेतलं. तिला अक्षर येत नव्हतं. "कोणी लिवलं?" "आमच्या बाईंनी." "चल, खोटारडे! त्या तर परवा इतवाऱ्याच्या बाजारात माझ्या शेजारी उभ्या राहून वांगी निवडत होत्या." पुस्तक लिहिणारे म्हणजे ऋषी-मुनी, मरून गेलेले, हे तिचं पक्कं होतं. वांगी निवडणारी जिवंत बाई पुस्तक लिहिते म्हटल्यावर ती घाबरली, आणि घाबरली की ती जे करायची तेच तिनं केलं. पुस्तक देव्हाऱ्यात ठेवलं, बाळकृष्णाच्या बाजूला, वर हळदकुंकू वाहिलं. काकूचं निराळंच चाललेलं. "किरिस्तावाची चीज आहे, देवाजवळ राहू दे, म्हणजे उलटणार नाही. आणि या पोरीचं तिकडे जाणं बंद कर, नाहीतर बाटवून टाकतील." आईनं तेही ऐकलं. तुमच्या व्हरांड्यात जाणं बंद. वर्ष संपलं की शाळाही बंद, असं चुलीपाशी ठरून गेलं. मला कुणी विचारलं नाही. तशी पद्धतच नव्हती.

आणि बाई, माझी गोष्ट अर्धी राहिलेली! रस्त्यात मधेच बसून, अक्षरं लावत जेवढं वाचलं तेवढंच. राजघाटासमोर तापीच्या पात्रात तो दगडी हत्ती आहे ना, तुमच्या गोष्टीतली नाठाळ बकरी त्याच्या पाठीवर चढून बसलेली, वरून पूर येतोय, आणि पाणी हत्तीच्या कानाला लागलंय. बुऱ्हाणपूरच्या पोराला यापुढचं सांगावं लागत नाही. हत्तीची पाठ बुडाली की खेळ खलास. तिथे पुस्तक देव्हाऱ्यात गेलं. आंघोळ केल्याशिवाय देव्हाऱ्याला हात लावायचा नाही आणि केल्यावरही उगीच लावायचा नाही. मी रोज हात जोडून त्या पुस्तकासमोर उभी राहायचे, बकरीच्या काळजीनं डोळ्यांत पाणी यायचं. आई शेजारणीला सांगायची, "अवं, पोरगी देवाच्या नादी लागली माझी."

सुटीच्या दिवशी सकाळी तुम्ही आमच्या घरी आलात. मी येत का नाही ते बघायला. आईची धांदल उडाली. तुम्हाला आत कसं घ्यायचं? ओट्यावर चटई टाकली, कोनाड्यात पालथा घालून ठेवलेला कान तुटका कप काढला, बाहेरच्यांचा. त्यात चहा दिला. तुम्ही तो कप नीट ओळखलात, मी बघत होते. मला रडू फुटायला आलं. तुम्ही शांतपणे चहा प्यालात, दारातून आत बघितलंत, आणि तुमची नजर देव्हाऱ्यावर गेली. मग हसलात. "वहिनी, मी या ओट्यापर्यंत आले. माझं पुस्तक बघा, कुठे जाऊन बसलंय."

आई पिठाच्या हातानं दारात उभी. तुम्ही म्हणालात, "त्याला खाली घ्या. ते हातात धरायचं आहे." आई म्हणाली, "मळेल ना, बाई. पोरांचे हात." तुम्ही जरा विचार केलात आणि म्हणालात, "चिमूटभर हळद द्या." आईला हायसं वाटलं, वाटलं की बाई आता पूजाच करतात. हात धुऊन तिनं हळदीची वाटी आणली, पुस्तक आणलं, तुमच्या हातात न देता ओट्यावर ठेवलं. तुम्ही अंगठा ओला केलात, हळदीत बुडवलात आणि पहिल्या कोऱ्या पानावर असा दाबलात की पान मागून पिवळं झालं. "अवं माय!" आई ओरडली. तुम्ही अंगठा पुसत म्हणालात, "घ्या. मळलं. पहिला डाग मीच लावला, आता कुणी भ्यायचं कारण नाही."

आणि लगेच वाचायला लागलात. ओट्यावरूनच, जरा आवाज चढवून. आई चुलीशी परत बसली, भाकर थापायला लागली, जसं काही ऐकतच नाही. मी दोघींच्या मधे उंबऱ्यावर. बकरी पळाली, थाप थाप थाप. बकरी पाण्यात उतरली, थाप थाप. बकरी हत्तीवर चढली, पाणी वाढलं, आणि बाई, थाप थांबली. मी मान वळवली. आईचे दोन्ही हात परातीत तसेच, आणि तव्यावरची भाकर धूर सोडतेय. पाणी हत्तीच्या कानाला लागलं आणि तुम्ही पुस्तक मिटलंत. आई ओरडली, "मंग?" भाकर कोळसा झाली होती, तिनं बघितलंही नाही. "मंग पुढं काय झालं, बाई?" तुम्ही चप्पल पायात सरकवलीत, पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलंत. "पुढचं ही वाचेल," म्हणालात, आणि चालू लागलात. काय छातीची बाई! तुटक्या कपात चहा देणाऱ्या घरातून अशी निघालीस, माफ करा, निघालात, की मागे एक आख्खी बाई गोष्टीत अडकवून ठेवलीत.

मी वाचायला बसले, पण मला कुठलं भरभर येतंय. एकेक अक्षर लावत चाललेली. आईचा जीव वर-खाली. "अवं, असं अडखळशील तर बुडेल ना ती बकरी!" शेवटी वैतागून तिनंच मला उठवलं. "जा त्यांच्याकडे. रोज जा. नीट शिकून ये अन् मला सांग ती मेली का जगली." काकूनं तोंड उघडलं तर आई तिच्यावरच उखडली, "तुला सांगता येते का पुढची गोष्ट? मंग गप." माझी शाळा त्या दिवशी वाचली ती अशी, एका बकरीपायी. पुढचं पान लागलं तेव्हा आईला कळलं की बकऱ्या राखणारी पोरगी बाकीचा सगळा कळप काठावर सोडून, केळीचे खांब बांधून त्यावर पालथी पडून हत्तीपर्यंत गेली. "हाव, केळीचा खांब बुडत नाही," आई म्हणाली, जसं काही तिनंच सुचवलं होतं. आणि काठावर आल्यावर त्या बकरीनं पोरीलाच लाथ मारली तेव्हा आई इतकी हसली, इतकी हसली, की वडील बाहेरून काय झालं म्हणून बघायला आले.

त्यानंतर तुम्ही येत राहिलात, नवी पुस्तकं घेऊन. ओट्यावर बसायचात. मग एके दिवशी आई आतूनच म्हणाली, "बाई, आत या, चुलीपाशी बसा. फोडणीच्या आवाजात मला ऐकू येत नाही." तुम्ही चप्पल काढलीत आणि आत आलात. त्या दिवशी चहा आतल्या कपात होता. कुणीही त्यावर एक शब्द बोललं नाही. मी आज इतक्या वर्षांनी बोलतेय.

पुढं नकाशा पुन्हा बदलला. भाषेवरून प्रांत झाले, मराठी मुलूख पलीकडे गेला, आपण अलीकडे, हिंदी प्रांतात राहिलो. इतक्या रेघा आमच्याकडून खोडून घेतल्यात आणि ही एक नवी थेट तुमच्या पोटावर आली. शाळेत हिंदी आली, मराठी पुस्तकं कोण घेणार? दुसरी असती तर कपाळाला हात लावून बसली असती. तुम्ही केस पिकायला लागल्यावर हिंदीत गोष्टी सांगायला शिकलात. नेपानगरला कागदाची गिरणी झाली, कुठून कुठून कामगार आले, त्यांच्या पोरांसाठी तुम्ही शेंगांची पिशवी घेऊन रेल्वेनं जायचात. मी विचारलं, तिथे जमतं का हो? तुम्ही म्हणालात, "हात त्याच जागी थांबतात गं." आणि जे पुस्तक कुणाला द्यायचात त्याच्या पहिल्या पानावर आधी हळदीचा अंगठा. तेव्हापासून कायम. तुमच्या चर्चच्या मंडळीतलेच काही लोक कुरकुरायचे, पुस्तकात प्रभूचं नाव कसं नाही म्हणून. इकडे आमची काकू म्हणायची, ही बाई बाटवणार. दोन्हीकडून ऐकून घेतलंत, आणि मान खाली घालून लिहीत राहिलात.

तुम्हाला अखेरचा निरोप द्यायला आले तेव्हा मी चर्चमध्ये पहिल्यांदाच पाऊल टाकलं. मागे उभी होते. पाळकांनी तुमची आवडती म्हणून एक गोष्ट सांगितली, हरवलेल्या एका मेंढरासाठी सगळा कळप सोडून जाणाऱ्या मेंढपाळाची. आणि माझ्या तोंडून जोरात निघून गेलं, "अगं बाई! ही तर आपली बकरी." लोक वळून बघायला लागले. तुमच्या जिवातली सगळ्यात मोलाची वस्तू तुम्ही आमच्या घरी आणून ठेवली होतीत, नाव न सांगता, पावती न मागता, तापीच्या पाण्यात आणि केळीच्या खांबावर बसवून. इतकं देऊन माणूस गप्प कसा राहू शकतो? घरी येऊन आईला सांगितलं. ती तेव्हा पार म्हातारी झाली होती, भिंतीला टेकून बसलेली. म्हणाली, "मला तव्हाच म्हाईत होतं. उगीच ठेवलं होतं का देवात?"

तर काल नातीला तुमचं पुस्तक वाचून दाखवायला बसले. ती फोनवर. दोन्ही अंगठे टकटक चाललेले. मी लक्ष दिलं नाही, तुमच्यासारखा जरा आवाज चढवला आणि नजर तिच्या अंगठ्यांवर ठेवली. पाणी हत्तीच्या कानाला लागलं आणि टकटक बंद. मी पुस्तक मिटलं. "फिर?" "पुढचं तू वाच." "आजी, ये चीटिंग है! मुझे मराठी पढ़ना कहाँ आता है?" "अक्षरं तीच आहेत, पोरी." रागानं पुस्तक ओढून आत गेली. रात्री वाटलं संपलं. पण आज जेवण झाल्यावर आतून तिचा आवाज येतोय, मघापासून. 'ळ' आला की अडते, शिव्या घालते, परत मागून सुरू करते.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या कबरीपाशी ठेवावं तर तिथे बकऱ्या मोकाट फिरतात, खाऊन टाकतील, आणि तुम्ही खुशाल खाऊ द्याल. घडी करून पुस्तकातच ठेवावं म्हणते, ते परत मिळालं तर. आणखीही सांगायचं होतं, त्या रबराचं, छापखान्याच्या पार्सलांचं. पण खरं सांगते, मला शेवट पाठ आहे, आईला म्हणून कितीदा तरी वाचलाय, तरी आता आतून पोरीचा आवाज हत्तीपाशी आलाय आणि माझा हात थांबलाय, बाई.