विहीर नसलेला नकाशा

भाऊसाहेब, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. रिटायर झालात आणि वर्षभरात गेलातही. त्यानंतर ऑफिसात जे झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. लेकीलाही नाही. आज तुम्हाला लिहून सांगते.

आमचे हे गेले आणि त्यांच्या जागी मला नगररचनेत नकाशे उतरवणारी ट्रेसर म्हणून घेतलं, ते नव्वदनंतरचे दिवस. मला नकाशातलं ओ की ठो कळत नव्हतं. तुम्ही मला खिडकीजवळचं टेबल दिलंत, पेन उभं धरायला शिकवलंत, चुकलेली शाई ब्लेडनं कशी खरवडायची, कागदाला ओरखडा कसा येऊ द्यायचा नाही, तेही तुम्हीच. एकदा पंचवटीतल्या एका जागेच्या नकाशात गुरांचा हौद काढायचा माझ्याकडून राहिला. तुम्ही आवाज चढवला नाहीत. भर उन्हात मला चालवत तिथं नेलंत आणि हौदासमोर उभं केलंत. “हे काय आहे, बाई?” “हौद.” “आणि तुमच्या कागदावर?” मग तुम्हीच म्हणालात, “आपण काढलं नाही, तर वरचा साहेब बघायला येणार नाही. त्याच्यासाठी ते नसतंच.” मला रडू आलं. परत येताना तुम्ही उसाचा रस पाजलात आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाहीत.

तुमच्यामागे जागा विकायची टूम निघाली. शहराच्या नावावर कुठं जुनं पंपहाऊस होतं, कुठं ओस पडलेला कोंडवाडा, कुठं छप्पर उडालेलं गोदाम. ‘अतिरिक्त जागा’ असा शब्द आला. जाहिरात, बंद पाकिटातल्या निविदा, ठराव हे सगळं पुढचं. सुरुवात आमच्या टेबलावर व्हायची. जागा मोकळी आहे असं दाखवणारा नकाशा आधी लागायचा.

मखमलाबादच्या अंगाला असंच एक पंपहाऊस होतं. धरणाचं पाणी नळाला आल्यापासून ते बंदच. मोजणीला मी इंजिनिअरसाहेबांबरोबर जाते तर काय, मागच्या विहिरीवर सात-आठ बायका गाजरं धुताहेत. आसपासच्या मळ्यांतल्या. पहाटे काढलेला माल तिथं धुवायचा आणि डोक्यावरून बाजारात न्यायचा, हे त्यांच्या सासवांपासून चालत आलेलं. एका म्हातारीनं मला कळशीतलं पाणी ओंजळीत घातलं. “पी ताई, लय गोड हाय. आमच्या समद्या विहिरी मचूळ, ही एकच अशी.” मी प्यायले. “पर मोजता कशापायी?” मी म्हटलं, “काही नाही मावशी, नुसती नोंद.” तिनं जाताना चार गाजरं पिशवीत टाकली.

मी नकाशा केला. विहिरीचं वर्तुळ नीट काढलं, शेजारी ‘वापरात’ असं लिहिलं. इंजिनिअरसाहेबांनी तो बघितला आणि माझ्याकडे सरकवला. “मॅडम, वापरातली विहीर दिसली तर जागा अतिरिक्त कशी म्हणायची? ती बुजल्यातच जमा आहे.” मी म्हटलं, “साहेब, बायका भाजी धुतात तिथं.” ते रागावले नाहीत. चहा मागवला. मग म्हणाले, “तुम्हाला कायम करण्याची फाइल माझ्याकडेच आहे ना? क्वार्टरचंही बघायला हवं. मुलगी बारावीला ना यंदा?”

बस, एवढंच. त्यांनी धमकी दिली असं मी कुणापुढे म्हणू शकले नसते. दर सहा महिन्यांनी मिळणाऱ्या ऑर्डरवर मी नऊ वर्षं काढली होती. क्वार्टर आमच्या ह्यांच्या नावाचं, ते कधीही खाली करायला सांगितलं असतं. सासरचं दार बंद, माहेरी भावाच्याच दोन खोल्या. घरी जाऊन मी लेकीला अभ्यास करताना बघितलं. तिच्यामागच्या भिंतीला ओल आली होती. तीही भिंत आमची नव्हती. दुसऱ्या दिवशी ब्लेड घेतलं. वर्तुळ जायला दोन मिनिटंही लागली नाहीत. हात तुम्ही घडवलेला. कागदाला ओरखडासुद्धा आला नाही.

हरकतींच्या सुनावणीला त्या बायका आल्या. अर्जावर अंगठे उमटवून, धुवट लुगडी नेसून. अधिकाऱ्यांनी नकाशा उलगडला. “विहीर कुठंय यात?” म्हातारीनं खोलीभर बघितलं आणि मला ओळखलं. तिचा चेहरा उजळला. “ह्या ताई आल्या व्हत्या की! ह्यांनी पाणी पेलंय तिथलं. इचारा त्यांना.” अधिकारी माझ्याकडे वळले. “काय मॅडम? विहीर आहे?”

मी उभी राहिले. “नकाशा मोजणीप्रमाणे आहे, सर.”

कुणी ओरडलं नाही. म्हातारी पदर सावरत बरोबरच्या बाईला म्हणाली, “चल. त्या तरी काय करतील, नोकरमानूस हायेत.” तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एका वाक्यानं तिनं मला सोडवलं, आणि मी आजतागायत त्यातून सुटलेले नाही. हरकत फेटाळली गेली. दिवाळीनंतर जागा विकली गेली, विहिरीत डबर पडलं. बायका कुठं धुवायला लागल्या, मी विचारलं नाही. माझी कायम झाल्याची ऑर्डर आली, लेक शिकली, क्वार्टर सुटेपर्यंत आम्ही तिथंच राहिलो. सगळं रीतसर झालं. पुढं आणखी किती जागांचे नकाशे मी काढले. दुसऱ्यांदा कुणाला चहा मागवावा लागला नाही. काय दाखवायचं नाही ते मला न सांगता कळायला लागलं होतं.

तुमच्या मुलीचं घर मला माहीत आहे. हे सगळं तिला जाऊन सांगावं असं परवा मनात आलं, रिक्षाही थांबवली, पण काय म्हणून सांगू? हे लिहिलेलंही माझ्याकडेच राहील. एक मात्र तुम्हाला सांगायला हवं. सुनावणीच्या दिवशी त्या बायका जिना उतरून गेल्यावर मला आधी तुम्ही आठवलात. तुम्ही आता नाही आहात, या विचारानं मला हायसं वाटलं होतं.