शिरस्त्राण आणि कंदील

बाबा, आज साकोलीला विज्ञानकथा स्पर्धेची बक्षिसं वाटून आलो, आणि तोंड अजून कडू आहे. पहिल्या आलेल्या कथेत यान अनोळखी ग्रहावर उतरतं. सगळे शिकलेसवरलेले शास्त्रज्ञ. कप्तान खाली पाय ठेवतो आणि मोकळा श्वास घ्यावासा वाटला म्हणून शिरस्त्राण काढतो. हवा तपासायचं यंत्र कमरेलाच लटकलेलं असतं. तो कोसळतो, दुसरा तसाच धावतो, तोही मरतो, आणि लेखक दोघांना हुतात्मा करतो. आयुष्यभर अशा कथा वाचत आलोय. माणसं मरतात त्याचं काही नाही, त्या मूर्खपणाला हार घालतात त्याची किळस येते. मी माईकवरूनच लेखकाला विचारलं, तुमचा कप्तान यंत्राकडे बघत का नाही? तो म्हणाला, "सर, तो तपासत बसला तर कथा तिथंच थांबते." सभागृह हसलं. माझं डोकं फिरलं, आणि मी तुमची गोष्ट सांगायला घेतली.

सानगडीजवळच्या राइस मिलमध्ये तुम्ही मिस्त्री होता. आवारातली विहीर वर्षभर फळ्या टाकून बंद होती. त्या उन्हाळ्यात गाळ काढायला एक हमाल उतरला आणि खाली आडवा झाला. मी आठवीत, तुमचा डबा घेऊन आलेला. काका सदरा काढून उतरायच्या बेतात, आणि तुम्ही त्यांच्या कानाखाली मारता. "खाली काय हाये मालूम नाही, अन् तू कुठं चालला?" मग भरदुपारी कंदील पेटवून दोरानं खाली सोडता. तो निम्म्यावर विझतो. तुम्ही पळसाची मोठी फांदी तोडायला लावता, दोराला बांधून विहिरीत वरखाली करत राहता, कोंडलेली हवा हलावी म्हणून. लोक ओरडतात, "मिस्त्री, माणूस मरून राहिला अन् तू फांदी हलवून राहिला?" तुम्ही फांदी हलवतच राहता. पुन्हा कंदील सोडता. या वेळी तो तळापर्यंत जळत जातो, तेव्हा कमरेला दोर बांधून तुम्ही स्वतः उतरता. त्याला वर आणलंत तेव्हा हमाल गेलेला होता. पुढं गावानं टिंगलीनं तुम्हाला फांदीवाला मिस्त्री केलं, आणि मी लाजेनं तुमच्यापासून चार पावलं मागं चालायला लागलो.

आज सभेत मी सगळं असंच सांगितलं, फक्त हमालाला जिवंत वर आणलं. टाळ्या थांबेनात. तो लेखकही उभा राहिला.

काका तिसऱ्या रांगेत होते. आता काठी लागते त्यांना. बाहेर चहा घेताना म्हणाले, "बाबू, तो त मेला होता."

"हो काका. बोलण्याच्या भरात गेलं."

"तुह्या बापानं मले वाचवलं. थे काहून नाही सांगतलं?" एवढं विचारून त्यांनी बशीत चहा ओतला आणि फुंकत बसले.

इतकी वर्षं ती विहीर आठवली की मला वर आणलेला मेलेला माणूस दिसायचा; काठावर गाल चोळत उभा असलेला जिवंत कधी दिसलाच नाही. आत सभा अजून बसलेली होती, माईकही चालू होता. परत जाऊन खरं सांगता आलं असतं. गेलो नाही. हमाल मेला म्हटल्यावर सभा गप्प झाली असती, आणि बाबा, गप्प सभेची मला भीती वाटते.