ळची कळ

३ नोव्हें. २००८, सोम.
मेहुण्याने नागपूरहून लॅपटॉप आणून दिलाय. विंडोज नाही, लिनक्स. आज नेहाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर टाइप करायला बसलो. हिंदी कीबोर्ड लावला, सगळी अक्षरं सापडली. ळ नाही! अर्धा तास एकेक बटण दाबून पाहिलं. मुलीचं आडनाव काळे, आणि ळ नाही. गोंदियाचा प्रेसवाला म्हणतो, पेन ड्राइव्हमध्ये असेल तेच छापणार. पुढच्या मंगळवारी द्यायचंय.

४ मंगळ.
बस स्टँडजवळच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. म्हणे, "अंकल, ल लिख दो ना, क्या फर्क पड़ता है?" फर्क! बाबा मध्य प्रदेशच्या सरकारी हिंदी कागदांत 'काले' म्हणूनच रिटायर झाले. मीही ऑफिसात 'काले'च. तिथे गप्प बसलो, सरकारचा कागद. पण पत्रिका माझ्या घरची आहे. भांडून आलो.

६ गुरु.
फोनवर मेहुण्याला झापलं. तो म्हणतो, "भाऊजी, मी तुमाले मेलवर एक ळ पाठवतो, तो उचलून चिकटवत जा." चिकटवत जा? आडनाव आहे, टपालाचं तिकीट नव्हे.
मग त्यालाच सुचलं. वरच्या रांगेत पृथ्वीच्या चित्राचं, इंटरनेटचं बटण आहे, लिनक्समध्ये मेलेलं. त्यावर ळ बसवायचा. एक प्रोग्राम चालवून बटण दाबलं, त्या बटणाचा नंबर आला १७८. तेवढ्यात लाइट गेली, बॅटरीही रिकामी. वा रे बालाघाट.

८ शनि.
मेहुण्याने सांगितलेली ओळ लिहिली: १७८ म्हणजे ळ. पृथ्वी दाबली. आला!! ओरडलोच. बायको आतून, "काहून ओरडून राह्यले?" तिनेही दाबून पाहिलं, ओळभर ळळळळळ.

९ रवि.
बंद करून चालू केला तर पृथ्वी पुन्हा मेलेली. डोकंच फिरलं. ती ओळ रोज नव्याने लिहायची म्हणे. लिहीन. पत्रिका पूर्ण.

१० सोम.
नेहाला दाखवली. म्हणाली, "पप्पा, ये काले हटा दो ना, काले लिखो. मेरी मार्कशीट में भी काले है."
मी म्हटलं, कोणतं हटवू आणि कोणतं लिहू? दोन्ही एकच बोललीस.
"बोल, काळे."
"काले."
तीनदा म्हणायला लावलं. ती हसत होती. मला फार वाईट वाटलं. कॉम्प्युटरवाल्यावर ओरडता आलं, हिच्यावर कसा ओरडू? घरात हिंदी चालू दिली ती मीच.

११ मंगळ., गाडीत
पेन ड्राइव्हमध्ये दोन पत्रिका आहेत. एक माझी, एक नेहाने बदललेली. निघताना बायको म्हणाली, "लगन तिचं हाय, तिचं आयका." मी म्हटलं, आडनाव माझं आहे.
"हौ. आन् तेही तिच्यापाशी अजून महिनाभरच हाय."
पेन ड्राइव्ह खिशात टाकून निघालो.
गाडी गोंदियाच्या वाटेवर बिरसोल्याला थांबली आहे. प्रेसवाल्याला कोणती फाइल उघड म्हणू, अजून ठरत नाही.