डेम विनिफ्रेड यांची उत्तम तब्येत

सोमवार, १४ ऑक्टोबर १९७४
आमचा स्टेज मॅनेजर डेरेक याने आज नोटीस लावली. ९ नोव्हेंबरला नाटक बंद. सगळ्यांचे चेहरे उतरले. माझा नाही.

चौदा महिने मी डेम विनिफ्रेड (डेम हा किताब, राणीने दिलेला) यांची बदली आहे. त्या आजारी पडल्या तर त्यांची मुख्य भूमिका, लेडी हॅरिएट, मी करायची. चौदा महिन्यांत बाईंना साधी शिंक आलेली नाही. वय एकाहत्तर! याला काही धरबंध? एरवी मी पहिल्या अंकात चहाचा ट्रे आणते. त्या ट्रेमध्ये मी किती अभिनय घालते हे समीक्षकांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

ग्रॅहम लॉइडला फोन केला. त्याच्या टीव्हीवरच्या इस्पितळाच्या सिरियलमध्ये सहा वर्षं मी मेट्रन, म्हणजे मुख्य नर्स, होते, मग कथेत मेट्रनला कॅनडाला पाठवलं. आता मेट्रन परत आणणार आहेत असं ऐकलं. ग्रॅहम म्हणाला, मुरिएल, तुला मोठं काम आता झेपतं का ते बघायला हवं. स्टेजवर काहीतरी मोठं करशील त्या दिवशी सांग, येईन. म्हणजे काम मिळालंच. फक्त एक प्रयोग हवा.

संकल्प: रोज सकाळी आवाजाचा रियाज. शेरी बंद.

मंगळवार, १५ ऑक्टोबर
रियाज केला. वरच्या मजल्यावरचे मिस्टर ट्विग खाली येऊन विचारून गेले, कुणी पडलं का.
शेरी एकच. घशासाठी.

गुरुवार, १७ ऑक्टोबर
डेमबाईंच्या मेकअप रूमची खिडकी दुपारपासून सताड उघडी ठेवली. बाहेर बोचरा वारा. बाई आल्या, खोल श्वास घेतला आणि म्हणाल्या, अहाहा, कोण गं माझी एवढी काळजी घेतं? आता रोज अशीच उघडी ठेवा.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर
मला सर्दी.

मंगळवार, २२ ऑक्टोबर
सर्दी कायम. ट्रे ठेवताना शिंकले. लोक हसले. विनोदाचं टायमिंग अजून शाबूत आहे.

शनिवार, २६ ऑक्टोबर
नाटकात आत्या करणारी बेरिल आणि मी एकाच खोलीत मेकअप करतो. ती सहज म्हणाली, अगं, विनी खिडकीला भिणार आहे होय? ती भिते फक्त अपशकुनाला. लीड्सला कुणीतरी शिट्टी वाजवली तर बाई पडदा उघडायला तयार नव्हती!

बेरिल बावळट आहे, पण उपयोगी आहे.

मी स्वतः असलं काही मानत नाही. (डावा बूट आधी घालते, ती सवय आहे.) संध्याकाळी डेमबाईंच्या खोलीत फुलं द्यायला गेले आणि सहज वाजवतोय असं दाखवून शिट्टी वाजवली. बाई पांढऱ्याफटक पडल्या. काम फत्ते झालं असं वाटलं, तेवढ्यात डेरेक धावत आला. मला म्हणाला, बाई, तुम्ही चौदा वर्षांच्या आहात का? चला, बाहेर! रिवाज म्हणजे रिवाज. अपशकुन उतरवायचा तर मागच्या गल्लीत जाऊन स्वतःभोवती तीन गिरक्या घ्यायच्या, थुंकायचं, दार ठोठावायचं आणि आत घेता का म्हणून विचारायचं. सगळं केलं. दारवान अल्बर्टने फटीतून विचारलं, आपलं नाव?

त्यानंतर डेमबाईंचा प्रयोग असा रंगला की पडदा पाच वेळा उघडावा लागला.

बुधवार, ३० ऑक्टोबर
शिट्टी किरकोळ होती. मोराचं पीस म्हणजे मोराचं पीस. थिएटरात यापेक्षा वाईट अपशकुन नाही. पोर्टोबेलोच्या बाजारात एका जुन्या हॅटवर मिळालं, हातभर लांब. तीन वर्तमानपत्रांत गुंडाळून, चिमट्यात धरून घरी आणलं. मानत नाही, पण पिसांना धूळ असते.

ग्रॅहमला कळवलं, पुढच्या मंगळवारी मी लेडी हॅरिएट करतेय. त्याने विचारलं, अरेरे, डेमबाईंना काय झालं? म्हटलं, अजून काही नाही.

सोमवार, ४ नोव्हेंबर
पाठांतर चोख. दुसऱ्या अंकातलं पत्र आरशासमोर वाचलं आणि स्वतःच रडले. आता हे कॅमेऱ्यासमोर करायचं, म्हणजे बघायला नको. मेट्रनच्या नव्या टोपीबद्दल ग्रॅहमशी बोलायला हवं. जुनी कपाळावर यायची.

मंगळवार, ५ नोव्हेंबर
दुपारी ४. पीस डेमबाईंच्या आरशाला टेकवून ठेवलं. कुणी पाहिलं नाही.

सं. ६.२०. किंकाळी!! डेमबाईंनी पीस हातातून भिरकावलं, खोलीबाहेर धावल्या आणि बेरिलच्या खुर्चीत बसून राहिल्या. म्हणतायत, राणीसाहेब आल्या तरी मी आज स्टेजवर पाय ठेवणार नाही.

सं. ६.५५. डेरेक आला. चेहरा आंबट. म्हणाला, बाई, घाला लेडी हॅरिएटचे कपडे. ट्रे बेरिल आणेल.
ड्रेस कमरेत थोडा आटला आहे. पिना लावल्या.

सं. ७.२५. डेम विनिफ्रेड यांच्याऐवजी मुरिएल पेंगेली, अशी घोषणा झाली. प्रेक्षागृहातून मोठा हुंकार आला. मी म्हटलं, ऐकलंस, किती उत्सुक आहेत? बेरिल म्हणाली, अगं, तो हुंकार नव्हता.

बुधवार, ६ नोव्हेंबर
लिहायचं ठरवलं आहे, तर लिहिते.

पहिला अंक अप्रतिम. ग्रॅहम तिसऱ्या रांगेत. बेरिलने ट्रे आणला. काही विशेष नाही.

दुसऱ्या अंकात लेडी हॅरिएट शाल पांघरते. शाल डेमबाईंच्या खोलीत खुर्चीवर होती. घाईत उचलली, एंट्री घेतली, पत्र उघडलं, आणि लोक खुसखुसायला लागले. पत्रात विनोदी काही नाही. खाली पाहिलं. भिरकावलेलं पीस शालीच्या झालरीत अडकून आलं होतं आणि तो निळा डोळा माझ्या छातीवरून माझ्याकडे बघत होता.

मी असलं काही मानत नाही. तरीही किंचाळले, आणि बागेच्या नकली दारातून पळाले ती थेट गल्लीत. तीन गिरक्या घेतल्या, थुंकले (दोनदा), दार ठोठावलं. अल्बर्ट कोपऱ्यावर दरवर्षी पाच नोव्हेंबरला उडतात ते गाय फॉक्सच्या रात्रीचे फटाके बघायला गेला होता आणि दार आतून बंद झालं होतं. लेडी हॅरिएटच्या ड्रेसमध्ये मी गल्लीत अकरा मिनिटं उभी. एक गृहस्थ टोपी काढून म्हणाले, बाईसाहेब, पार्टी कुठे आहे?

आत काय झालं ते बेरिलने सांगितलं. डेमबाईंनी विचारलं, पीस बाहेर गेलं? ते आणणारी बाईही त्याच्याबरोबर बाहेर? मग आता घाबरायचं कशाला! आणि घरच्या लोकरी स्वेटरमध्ये स्टेजवर जाऊन पत्र पुढे वाचायला लागल्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्या गल्लीत ऐकू येत होत्या. खरं लिहायचं तर आधी मला त्या माझ्याच वाटल्या.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
डेमबाई भेटल्या. पीस कुणाचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. गालावर थोपटून म्हणाल्या, अगं वेडे, प्रयोग हवा होता तर मागायचास. एखाद्या बुधवारी मी पाय मुरगळून घेतला असता.

चौदा महिन्यांत हे मला सुचलं नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर
ग्रॅहमचं पत्र! मेट्रन परत येत नाही. कॅनडात वारली अशी तार पहिल्याच भागात येते. नवी मेट्रन डेम विनिफ्रेड, त्या स्वेटरसकट. पण इस्पितळाच्या भिंतीवर जुन्या मेट्रनचा फोटो लागणार, त्यासाठी माझी परवानगी हवी आहे.

नीट विचार केला तर ही वाईट बातमी नाही. नव्या मेट्रनच्या टेबलामागची भिंत, म्हणजे दर आठवड्याला, प्रत्येक भागात, मी डेमबाईंच्या डोक्यावर. करुण पण खंबीर, असा चेहरा द्यावा लागेल. केस सेट करून घेतले. दुपारभर आरशासमोर चार प्रकारचे चेहरे बसवले, तिसरा पक्का केला.

सं. ५. फोटो काढायला कधी येऊ ते विचारायला ग्रॅहमला फोन केला. तो म्हणाला, छे गं, तू कशाला त्रास घेतेस, जुना फोटो आहे आमच्याकडे.

रिसीव्हर ठेवला. रडू आलं. चेहरा कुठलाच बसवला नव्हता.