घराला कुलूप लावण्याबाबत

मी, बसवराज शिवलिंगप्पा हलगे, वय एकसष्ट, राहणार लातूर, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. दडपण बाकी सगळ्या कामांत होते, या कामात नाही.

१. राहते घर पत्नी नीलम्मा हिचे. बँकेतली शिल्लक मुलगी वर्षाराणी हिची. त्या जोरावर तिने हैदराबादची नोकरी धरावी, जी ती माझ्यामुळे नाकारून बसली.

२. मधल्या खोलीतले मशीन, म्हणजे मुख्य कॉम्प्युटर, माझे नाही, पतसंस्थेचे आहे; मी ते फक्त सांभाळतो. ऑफिस गळत होते म्हणून चेअरमन व्यंकटरावांनी ते "चार दिवस" इथे ठेवले आणि ते इथलेच झाले. निलंगा, चाकूर, देगलूर या शाखांतल्या कॉम्प्युटरांच्या सेटिंगच्या मूळ फाईली याच्यात आहेत. शाखांत नुसत्या सिमलिंक, म्हणजे इकडची वाट दाखवणाऱ्या पाट्या. इथे एक ओळ बदलली की सगळीकडे बदलते, ही सोय खरी. पण हे बंद पडले की देगलूरचा काउंटरही बंद. म्हणून याच्यापाशी सतत कोणीतरी लागते, आणि या घराला कधी कुलूप लागले नाही. नीलम्माची श्रीशैलची यात्रा राहिली ती राहिलीच.

३. शाखेशाखेत मूळ फाईलच ठेवू द्या, हे व्यंकटरावांना सांगून थकलो. "चालू हाय ना अप्पा? मग हात कशाला लावता?" एवढेच उत्तर. मग कारकून अमरनाथने हौसेने सगळे पेनड्राइव्हवर उतरवून नेले. देगलूरला उघडले तर आत नुसत्या पाट्या, माझ्याच घराकडे तोंड केलेल्या. नक्कल पाटीची करू नये, पाटी दाखवते त्या फाईलची करावी. त्याची कमांड लिहून मशीनला चिकटवली आहे. पासवर्डचे पाकीट संस्थेने न्यावे.

४. सासूबाई वारल्या तेव्हा वर्षाराणी म्हणाली, "तुमी दोघं जावा. मशीनपाशी मी थांबते." आजीच्या मांडीवर वाढलेली पोर. आम्ही निलंग्याहून माती देऊन आलो तेव्हा ती तिथेच बसून होती, आणि शाखा सुरळीत चालू होत्या. तो राग माझा अजून गेलेला नाही. व्यंकटराव हल्ली म्हणतात, "तुमच्यामागं पोरगी हायच की."

५. मशीन, पासवर्ड, मशीनपुढची ती खुर्ची, यांतले वर्षाराणीस काहीही दिलेले नाही. हे नजरचुकीने राहिलेले नाही.

६. मला मातीला नेण्याआधी नीलम्माने मशीनचे बटण बंद करावे. शाखा थांबल्या तर थांबू देत. घरात कोणीही मागे राहू नये. दाराला कुलूप लावून वर्षाराणीने माझ्यासोबत चालावे. कुलूप नवे आणले आहे, दारामागच्या खिळ्याला टांगले आहे.

लिहून देणार: बसवराज शि. हलगे (सही)

साक्षीदार:
१. व्यंकटराव माणिकराव पाटील (सही). यांना मुद्दाम बोलावले व कलम सहा दोनदा वाचून दाखवले.
२. सिंधु भीमाशंकर स्वामी, शेजारी (सही)

लातूर, दि. १४ ऑगस्ट २०२४